कष्टकरी बाईला टॉनिकचा डबा नको, तपासणी आणि रजा हवी

मागे एका रमाई जयंतीला उत्तर नागपुरातील एका वस्तीतल्या बुद्धविहारात बोलण्यासाठी जाणे झाले. वंदना झाली, भाषणे झाली. माझ्या आधीच्या दोन्ही वक्त्यांनी माता रमाईने थापलेल्या गोवऱ्या, काढलेले उपास, सोसलेले दारिद्र्य यांचे वर्णन केले. पुढे बसलेल्या बायकांचे डोळे पाणावले. कार्यक्रम संपला आणि खीर वाटप सुरू असतानाच विहाराच्या ओट्यावर एका भगिनीने कापडी पिशवीतून प्लास्टिकचे डबे काढून मांडले. महिलांसाठी खास शक्तिवर्धक पावडर. थकवा, कंबरदुखी, अंगावरून जाणे, झोप न येणे, सगळ्यावर एकच उपाय. सकाळी दोन चमचे, रात्री दोन चमचे. डब्याची किंमत अठराशे रुपये, आणि बचत गटाच्या सभासदांना तीन हप्त्यांची सोय.

चाळिशीच्या आसपासची एक बाई तो डबा हातात घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, घेऊ काय हा? झोपून उठली तरी अंग दुखून राहते. जिना चढली का धाप लागते."

मी तिला दिवसभराचे काम विचारले. पहाटे साडेचारला उठून नळाचे पाणी भरायचे, स्वयंपाक करायचा, सातला घराबाहेर पडायचे. चार घरची धुणीभांडी आणि लादी. त्यातले तिसरे घर तिसऱ्या मजल्यावर, तिथे लिफ्ट आहे पण कामवाल्यांनी वापरायची नाही. दुपारी दोन-अडीचला परत येऊन जेवण, तेही बहुधा सकाळची पोळी आणि चहा. संध्याकाळी पुन्हा एक घर, मग स्वतःच्या घरचा स्वयंपाक. महिन्याकाठी हातात सात हजार. त्यातले अठराशे ती या डब्यावर घालायला निघाली होती.

तिचा कोणी उपहास करू नये. शरीर रोज सांगत असताना त्यावर काही तरी करावे असे तिला वाटले, यात तिची चूक नाही. तिच्यासमोर विहाराच्या ओट्यावर जे मांडलेले होते ते तिने उचलले. आपण त्या ओट्यावर दुसरे काही का मांडले नाही, याचे उत्तर चळवळीने द्यायचे आहे.

आधी त्या डब्याबद्दल. डब्यामागची बारीक अक्षरे मी वाचली. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात, असा नियम आहे. म्हणजे जे सर्वांत जास्त ते पहिले. या डब्यावर पहिले नाव साखरेचे होते. त्यानंतर दुधाची भुकटी, माल्टचा अर्क, रंग, वास, आणि शेवटी चिमूटभर जीवनसत्त्वे. अठराशे रुपयांची साखर! अंडे सात रुपयांना धरले तरी तेवढ्या पैशात अडीचशेवर अंडी येतात. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशा पेयांना 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका असे सांगितले, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी कोणती व्याख्याच नाही. पण हा आदेश आमच्या वस्तीत येणाऱ्या कापडी पिशवीपर्यंत कसा पोहोचणार?

औषधांच्या खोट्या जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे. मासिक पाळीचे विकार बरे करतो अशी औषधाची जाहिरात करायला त्यात मनाई आहे. म्हणून छापील पत्रकात 'ताकद', 'स्फूर्ती', 'ताजेपणा' असे मोघम शब्द असतात आणि 'अंगावरून जाणे थांबते' हे विकणारी तोंडी सांगते. काही आसव-अरिष्टांत आंबवण्यामुळे थोडे अल्कोहोल तयार झालेले असते. ते घेतल्यावर घटकाभर बरे वाटते, झोप लागते. त्याहून वाईट म्हणजे बिनलेबलच्या पुड्या. 'जडीबुटी' म्हणून विकलेल्या पुड्यांत स्टेरॉईडची भेसळ आढळल्याचे प्रकार आहेत. चार दिवसांत दुखणे पळते, भूक लागते, चेहरा भरतो, आणि बाईला वाटते की औषध लागू पडले. प्रत्यक्षात तो चेहरा सुजलेला असतो.

दुसरी चाल ताकदीच्या सुईची आणि सलाईनची. खेड्यापाड्यातून आणि वस्त्यांतून 'डॉक्टरसाहेब, कमजोरी आली, एक बाटली लावा' म्हणणारे लोक आजही आहेत आणि बाटली लावून पैसे घेणारे दवाखानेही आहेत. त्या बाटलीत असते काय? पाच टक्क्यांच्या ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. खाऱ्या सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. हगवणीने, उलटीने शरीरातले पाणी गेलेल्या रोग्याचा जीव ही बाटली वाचवते. पण कामाने थकलेल्या बाईला तिच्यातून मिळते ते साखरपाणी. हां, एक गोष्ट मात्र तिला खरोखर मिळते. बाटली संपेपर्यंत तासभर तिला खाटेवर पडून राहता येते आणि कोणी उठ म्हणत नाही. मला तर अनेकदा वाटते की बायका त्या तासाचेच पैसे मोजतात.

आता घरगुती उपायांकडे येऊ. यातले सगळेच खोटे नाही आणि सगळेच खरे नाही. 'बीट खाल्ले की रक्त वाढते' ही समजूत केवळ रंगावरून आलेली आहे. बीटमध्ये लोह फार कमी असते. गुळात थोडे असते, पण गुळाच्या खड्याने रक्तक्षय बरा होत नाही. शेंगदाणे चांगले, कारण त्यात प्रथिने आहेत आणि ते परवडतात. नाचणी हाडांसाठी उत्तम, तिच्यात कॅल्शियम भरपूर असते. आळिवाचे लाडू बाळंतिणीला देतात ते योग्य आहे, त्यात लोह चांगले आहे. लोखंडी कढईत आंबट भाजी शिजवली तर तिच्यात लोह उतरते. वरणात, भाजीवर लिंबू पिळले तर पालेभाजीतले लोह शरीराला जास्त मिळते. याउलट जेवणाबरोबर किंवा जेवणाला लागून चहा घेतला तर तेच लोह वाया जाते. आमच्या कामकरी बायकांचे दुपारचे जेवणच चहा-पोळी असते, ही खरी अडचण आहे. भूक मारण्यासाठी चहा आणि त्याच्या जोडीला दाताला मिस्री किंवा खर्रा. भूक मरते, पण भुकेचे कारण शरीरात तसेच राहते.

पण रक्तवाढीचे सर्वांत चांगले अन्न कोणते, हे पुस्तकातल्या सात्त्विक सल्ल्यांत कधी छापून येत नाही. ते आहे बकऱ्याचे काळीज, मटण, सुकट, मासळी. मांसातले लोह शरीर पालेभाजीतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज घेते. आपल्या आयाबाया वजरी खात, रक्ती करून खात, मांसाच्या चान्या वाळवून पावसाळ्यासाठी ठेवत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे, ती प्रत्येक घरात वाचली जावी. १९२७ साली महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचा निर्धार झाला तो स्वाभिमानासाठी झाला आणि तो योग्यच होता. पण मृत जनावराचे मांस सोडणे वेगळे आणि मांसाहाराचीच लाज वाटणे वेगळे. नोकरीला लागलेली, फ्लॅटमध्ये राहायला गेलेली आमची काही घरे आज शेजाऱ्याला वास जाऊ नये म्हणून खिडक्या लावून बोंबील भाजतात, किंवा भाजतच नाहीत. आणि शासनाचे म्हणाल तर महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. मोठ्याचे मटण हे गरिबाला परवडणारे मांस होते. बकऱ्याचे मटण आज कोणत्या कामकरी घरात आठवड्याला शिजते? एका हाताने स्वस्त लोह काढून घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने 'रक्तक्षयमुक्त भारत' म्हणायचे, असा हा कारभार आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे सरकारचेच आहेत. २०१५-१६ च्या पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. २०१९-२१ च्या पाहणीत तो आकडा ५४.२ टक्के झाला. आपल्या पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात पुरेसे हिमोग्लोबिन नाही आणि पाच वर्षांत हे प्रमाण वाढले. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले की तो रक्तक्षय, आणि ८ च्या खाली गेले की तो गंभीर. म्हणजे धाप लागणे, चक्कर येणे, पायात गोळे येणे यांना बाईचा आळस म्हणू नका. एका बोटाच्या टोचणीत त्याचे कारण कळू शकते.

याचे औषध टॉनिकच्या बाटलीत नाही असे मी म्हणत नाही. लोहाची गरज आहेच. पण ती लोहाची लाल गोळी आरोग्य उपकेंद्रात मोफत मिळते. मग बायका ती का घेत नाहीत? घेतात, चार दिवस घेतात. मळमळते, शौचास काळी होते, कोठा जड होतो, आणि गोळ्या उकिरड्यावर जातात. काळी शौच हे घाबरण्याचे कारण नाही, गोळी रात्री जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, महिन्याभरात बरे वाटले तरी पुढे दोन-तीन महिने चालू ठेवावी, हे कोणी नीट बसून सांगतच नाही. फुकटच्या गोळीवर विश्वास नाही आणि अठराशेच्या डब्यावर आहे, याला बाजाराचे कसब जितके कारणीभूत आहे तितकीच सरकारी दवाखान्यातली तुसडी वागणूकही कारणीभूत आहे. 'ए बाई, हो बाजूला' असे जिथे बोलले जाते तिथे माणूस पुन्हा जात नाही. विकणारी मात्र 'ताई, कशा आहात' म्हणते.

विदर्भातील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट सांगणे मी कर्तव्य समजते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आदिवासी बांधवांत जसा आहे तसा विदर्भातील आपल्या समाजातही आहे. सांधे ठणकणे, डोळे पिवळे पडणे, वारंवार ताप आणि सततचा थकवा ही त्याची लक्षणे असू शकतात. कित्येक घरांत याला 'वात' समजून वर्षानुवर्षे तेल आणि टॉनिक चालते. हा रक्तक्षय मुळात लोह कमी पडल्याने होत नाही. पुन्हा पुन्हा रक्त चढवावे लागलेल्या रुग्णाच्या शरीरात तर लोह साचून अपाय होतो. तेव्हा तपासणीशिवाय कोणतेही 'रक्त वाढवणारे' औषध घेऊ नये. १ जुलै २०२३ रोजी केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे, त्यात तपासणी होते. पण आपल्याकडे मुलीची सोयरीक मोडेल म्हणून आईबाप तो कागद लपवतात. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रोगी होण्याची शक्यता चारात एक असते. कुंडली पाहणे आपण धम्मदीक्षेनंतर सोडले. मग लग्नाआधी रक्ताचा हा कागद पाहायला आपण का लाजतो?

इतके सगळे केले, गोळ्या घेतल्या, काळीज खाल्ले, तरी पहाटे साडेचार ते रात्री अकरा हा दिवस तसाच राहणार असेल तर काय? इथे बाबासाहेबांकडे यावे लागते. १९२८ च्या जुलैमध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिभत्त्याचे विधेयक चर्चेला आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा देणारे भाषण केले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळाली पाहिजे आणि त्या काळातला पैसाही मिळाला पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. जुलै १९४२ मध्ये आपल्याच नागपूरला दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या असंख्य बायका तिथे जमल्या होत्या. त्यांनी काय मागितले? गिरण्यांत, विडी कारखान्यांत, नगरपालिकांत, रेल्वेत राबणाऱ्या स्त्रियांना वर्षाला २१ दिवसांची रजा, इजा झाली तर भरपाई, वीस वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन. रजा मागणे ही चैन आहे असे त्या बायकांना वाटले नाही. आणि १९४६ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले.

आता आजचे पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कामगाराची संमती लागेल, असे सांगितले गेले. ज्याच्या पोटाला चिमटा आहे त्याची संमती कशी मिळते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. प्रसूतिरजा २०१७ साली २६ आठवड्यांची झाली, चांगलेच झाले, पण ती आस्थापनेत नोकरी करणाऱ्या बाईला. चार घरची भांडी घासणारीचा मालक कोण? चौघेही म्हणतात, आम्ही नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, परंतु त्याने आठवड्याची एक भरपगारी सुट्टीही तिच्या पदरात टाकलेली नाही. खाडा केला की पैसे कापतात.

खाड्याची ही भीती बाईला कुठवर नेते ते बीड जिल्ह्याने दाखवले. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली. एक दिवस पाळीच्या दुखण्याने फडात जाता आले नाही तर दंड. २०१९ साली हा विषय गाजला, राज्य सरकारने समिती नेमली, आणि ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यात तिशीच्या आतबाहेरच्या बायका होत्या. पाळीच नको म्हणजे खाडा नको. हाही एक 'उपाय'च होता. त्यासाठी कर्ज काढले गेले आणि ते फेडण्यासाठी पुन्हा उचल. या स्त्रिया बहुतेक भटक्या-विमुक्त, दलित, बहुजन समाजातल्याच आहेत. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते. उसाच्या फडात ते दोन्ही एकाच मुकादमाच्या रूपाने उभे असतात.

आणि घरात? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी स्त्री बिनपगारी घरकामावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देते आणि करणारा पुरुष ८८ मिनिटे. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच थोडे, त्यांची ही सरासरी. हे आकडे सवर्णांचे, आपल्या घरात समता आहे, असे कोणी म्हणत असेल तर त्याने १४ एप्रिलच्या रात्री वस्तीत फिरून पाहावे. मिरवणूक संपवून आलेल्या कार्यकर्त्याला ताट वाढून कोण देते आणि त्यानंतर ते ताट कोण घासते? कार्यकर्ते बांधव रागावतील, रागावू द्या. रमाईच्या त्यागाची भाषणे ऐकून मला आता भीती वाटू लागली आहे. चार लेकरे गेली, शरीर झिजले, आणि २७ मे १९३५ रोजी वयाच्या ३७ व्या वर्षी दीर्घ आजाराने रमाई गेली. बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ तिच्या स्मृतीला अर्पण केला, त्यांना तिचे मोल कळले होते. आपण मात्र तिच्या झिजण्याचा आदर्श करून आजच्या बायकांपुढे ठेवतो. थकलेली बाई मग थकले म्हणायलाही कचरते, गुपचूप पावडरीचा डबा घेते.

विहाराच्या ओट्यावर काय मांडता येईल, हे मी त्या दिवशी महिला मंडळाच्या अध्यक्षांशी बोलले. नागरी आरोग्य केंद्राच्या सिस्टर पौर्णिमेला विहारात येऊन बायकांचे रक्त तपासू शकतात, त्यासाठी एक अर्ज लागतो. सरकारी आरोग्य खात्याच्या रुग्णालयांतील तपासणी आणि उपचाराचे शुल्क बंद करण्याचा निर्णय १५ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाला, हेही तिथे अनेकींना ठाऊक नव्हते. बचत गटाने डब्यासाठी हप्ते ठरवण्याऐवजी आजारी सभासदाच्या बुडालेल्या रोजासाठी एक छोटा निधी ठेवावा, असे एका तरुण मुलीने सुचवले. तो ठराव लगेच झाला नाही, दोन सभा त्यावर वाद झाला. वाद झाला हे बरे झाले.

तपासणी पुढच्याच पौर्णिमेला झाली. जिना चढताना धाप लागणाऱ्या त्या बाईचे हिमोग्लोबिन ७.४ निघाले. सिकलसेल नव्हता. दर महिन्याला आठ-नऊ दिवस अंगावरून जात होते आणि ते तिने कधी कोणाला सांगितले नव्हते. तिला मोठ्या रुग्णालयात पाठवले. त्यासाठी तिचे तीन दिवस बुडाले, चारपैकी दोन घरांनी पैसे कापले, ते मंडळाने भरून दिले. डबे विकणारी भगिनीही त्या दिवशी ओट्याच्या कडेला उभी होती. तिच्या अंगावर तीस डब्यांचा माल पडला होता, कंपनी परत घेत नव्हती. सिस्टरने तिलाही बोट पुढे करायला सांगितले. तिचे ९.१ निघाले.